त्याच २० गावांत दुप्पट माणसं घेतली की पॉवर वाढते? हिशेब करून बघा

‘स्टडीची पॉवर (म्हणजे खरोखर असलेला फरक अभ्यासात पकडला जाण्याची शक्यता) वाढवण्याचे ४ सोपे उपाय’ हा मेसेज गोव्यात आरोग्य संशोधन करणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्या भाचीने त्यावर विसंबून सत्तरी तालुक्यातल्या रक्तदाबाच्या अभ्यासाचा आराखडा बदलायला घेतला, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला उपाय: ‘नवी गावं शोधत फिरू नका, आहेत त्याच गावांत माणसं दुप्पट करा.’

काही गावांत मीठ कमी करण्याचा उपक्रम राबवायचा आणि काहींत नाही, असा अभ्यास असेल तर उपक्रम कुठे राबवायचा याची चिठ्ठी गावाच्या नावाने निघते, माणसाच्या नव्हे. एका वाड्यावरची माणसं एकाच डॉक्टरकडे जातात, पावसाळ्यात तीच खारवलेली सुकी मासळी खातात आणि त्यांचं बीपी एकच नर्स एकाच मशीनवर घेते. त्यामुळे पहिल्या पंचवीस जणांकडून जे कळलं, त्यातलं बरंचसं सव्विसावा पुन्हा सांगतो. हे सारखेपण आयसीसी (एका गावातली माणसं एकमेकांसारखी किती, हे सांगणारा ० ते १ मधला आकडा) या मापाने मोजतात. तो फक्त ०.०२ धरा. या सारखेपणामुळे माणसांच्या संख्येला ज्या आकड्याने भागावं लागतं तो डिझाइन इफेक्ट, म्हणजे १ + (दर गावातली माणसं − १) × आयसीसी. २० गावांत १००-१०० माणसं घेतली तर तो २.९८ येतो, म्हणजे २००० माणसांची किंमत ६७१ जणांएवढी. गावं तीच ठेवून २००-२०० घेतली तर ४००० माणसांची किंमत ८०३. दोन हजार माणसांच्या दारात जास्तीचं जायचं आणि पदरात पडणार १३२! तीच ४००० माणसं ४० गावांत विभागली तर १३४२. आणि त्या २० गावांतला शेवटचा माणूस मोजला तरी १०००च्या पुढे जाता येत नाही.

पुरावा घरचाच आहे. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांवरचा ‘मानस’ अभ्यास गोव्यात झाला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. माणसं २७९६, दवाखाने २४, निम्मे सरकारी आणि निम्मे खाजगी. निदान पक्कं झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी समुपदेशकांची मदत मिळालेल्या गटात ६५% बरे झाले, दुसऱ्या गटात ५२.९%. बारा टक्क्यांचा फरक, तरी रिस्क रेशोची (दोन गटांतल्या बरं होण्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) ९५% मर्यादा, म्हणजे खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा, १.०० ते १.४७. माणसं भरपूर होती, दवाखाने २४च होते.

‘फरक दिसला नाही म्हणजे उपक्रम निकामी’ हा दुसरा मुद्दाही इथेच निकालात निघतो. ‘मानस’मधल्या खाजगी दवाखान्यांत रेशो ०.९५ आला, मर्यादा ०.७४ ते १.२२. बरं होण्याचं प्रमाण २२% वाढलं असण्याची शक्यताही त्यात बसते. अशा वेळी ‘ठरवता आलं नाही’ असं लिहायचं असतं.

तिसरा: ‘मधेमधे पी व्हॅल्यू बघा, ०.०५ खाली गेली की थांबा.’ पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. कृपा करून हे करू नका. पाच वेळा असं डोकावलं की खोटा फरक सापडण्याचा धोका ५% वरून १४% वर जातो. बघायचंच असेल तर किती वेळा आणि कोणत्या मर्यादेने, हे आधी प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) लिहा.

चौथा: ‘सुरुवातीचं बीपी घेण्यात वेळ घालवू नका, त्या वेळात माणसं वाढवा.’ चिठ्ठी माणसागणिक टाकली असेल तर माणसं वाढवून पॉवर वाढते, एवढं मान्य. पण सुरुवातीचं आणि शेवटचं बीपी यांचा सहसंबंध (दोन आकडे किती जुळून चालतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.७ असेल आणि विश्लेषणात सुरुवातीचं बीपी धरलं, तर जवळपास निम्म्या माणसांत तेवढीच पॉवर मिळते. त्यासाठी माणसाला पाच मिनिटं बसवा, पट्टा दंडाच्या मापाचा घ्या, दोनदा मोजून सरासरी काढा आणि १३७ आलं तर १४० लिहू नका.