हळद, हळदीचा अर्क आणि मिरीची जोड

गुडघेदुखीसाठी हळदीच्या कॅप्सूल घेणारे माझ्या परिचयात बरेच आहेत आणि "हळदच तर आहे, तिने काय अपाय होणार?" हे त्यांच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही, कारण हळदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या या वस्तू एकसारख्या नाहीत.

स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य क्रियाशील घटक, साधारण ३ टक्के असते, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात सुमारे ९० मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅम अर्काच्या कॅप्सूलमध्ये, अर्कात ९५ टक्के कर्क्युमिन असल्याचे प्रमाणित असेल तर, ते ४७५ मिलिग्रॅम येते. पाच चमचे हळद एका घोटात! तरीही नुसता अर्क रक्तात फार थोडा उतरतो, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि जे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत झपाट्याने रूपांतर करतात.

या अडचणीवर मिरीतील पायपरिनचा उपाय निघाला. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यास निरोगी माणसांत त्याची जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोहोचणारे प्रमाण, २००० टक्क्यांनी वाढते. जाहिरातींत हा आकडा ठळक असतो. मात्र पायपरिन हे साधते ते औषधांचे विघटन करणारी शरीरातील विकरे (एन्झाइम्स) मंदावून, आणि ती फक्त कर्क्युमिनपुरती मंदावत नाहीत. फिट्सवरच्या फेनिटॉइनची रक्तातील पातळीही त्यामुळे वाढू शकते. लेसिथिन या स्निग्ध पदार्थाशी बांधलेले किंवा सूक्ष्मकणांच्या रूपातले प्रकार मिरीविना शोषण वाढवतात, पण त्यांची किंमत बरीच जास्त असते.

गुडघ्याच्या संधिवातात कर्क्युमिनने वेदना काहीशा कमी झाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे, हे मी नाकारत नाही. त्या चाचण्या बहुतांशी लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत. दुसरीकडे, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे क्वचित यकृताला इजा होऊ शकते असा इशारा दिला आणि वाढीव शोषणाच्या किंवा जास्त मात्रेच्या उत्पादनांत हा धोका अधिक असू शकतो, असे स्पष्ट केले. जेवणातील नेहमीच्या हळदीला तो इशारा लागू नव्हता.

म्हणून शोषण वाढवलेल्या प्रकाराला औषधच समजावे, असे माझे ठाम मत आहे. यकृताचा जुना विकार असणाऱ्यांनी तो स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर आधी पाकिटावरची पायपरिनची नोंद डॉक्टरांना दाखवावी.