फाटक कोणाच्या हातात?

मृग लागला की महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांचा सूर ठरलेला असतो. भंडारदऱ्याकडे काजवे बघायला निघालेल्या गाड्यांच्या रांगा, धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश, गडाच्या अरुंद वाटेवर अडकलेली गर्दी. मग दोन बाजू पडतात. एक म्हणते, बंदी घाला, लोकांना अक्कल नाही. दुसरी म्हणते, पर्यटक आले नाहीत तर गावातल्या पोरांनी करायचं काय? आणि तिसरा सूर असतो आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांचा: "इकडे बघा, लोक किती शिस्तीत फिरतात." हा तिसरा सूर मला सगळ्यात जास्त खटकतो. मी स्कॉटलंडमध्ये राहते, आणि तो खरा नाही.

ग्लासगोपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर लॉख लोमंड नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठी तंबू टाकायला येणाऱ्यांनी इतका उच्छाद मांडला होता (झाडं तोडून शेकोट्या, बाटल्यांचे ढीग, रात्रभर दारू) की 2011 मध्ये पूर्वेच्या काठावर तंबूंसाठी नियम करावे लागले. 2017 पासून ते आणखी बऱ्याच काठांना लागू झाले: मार्च ते सप्टेंबर, परवाना असेल तरच किंवा नेमून दिलेल्या जागीच तंबू. वायव्य किनाऱ्यावरच्या स्काय बेटावरही असाच उच्छाद. जेमतेम एक गाडी मावेल अशा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लावून लोक डोंगरात निघून जायचे आणि गावातल्या माणसाला स्वतःच्या घरी पोचता यायचं नाही. शिस्त इथल्या लोकांच्या रक्तात नाही. आधी वाहनतळ झाले, स्वच्छतागृहं झाली, दंड आले, मग वागणं बदललं. तेही सगळीकडे नाही.

त्यामुळे "आपले लोक असेच" हे वाक्य मला मान्य नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पर्यटकाला कुठे थांबवायचं, किती जणांना आत सोडायचं आणि त्याच्याकडून आलेल्या पैशाचं काय करायचं, हे कोण ठरवतं? बंदी जिल्ह्याच्या ठिकाणी ठरते. महोत्सव मंत्रालयात ठरतो. गावाला दोन्ही वेळी फक्त कळवलं जातं.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने डोंगर, रानं, नदीकाठ यांवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. डोंगरावर जायला तिकीट लावता येत नाही, आणि ते मला फार आवडतं. म्हणून पैसा येतो तो गाडी लावण्याच्या जागेतून आणि मुक्कामातून. एडिंबराने 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांवर 5 टक्के पर्यटक-कर ठरवला, तोही सलग पहिल्या पाच रात्रींपुरता. मी त्याच्या बाजूने आहे. पण 2024 चा जो कायदा नगरपालिकांना हा अधिकार देतो तोच सांगतो की पैसा मुख्यतः पर्यटक वापरतात अशा सोयींवर खर्च व्हावा. म्हणजे शहर नीटनेटकं राहील, पण ज्या जिन्यावर निम्मी घरं आता पर्यटकांना भाड्याने जातात आणि दारांना त्यांच्यासाठी किल्लीचे डबे लटकलेले असतात, तिथे जुने शेजारी या करामुळे परत येणार नाहीत. कर वसूल करणं आणि गावाला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या चर्चेत फारसं कोणी बोलत नाही.

देणं कसं असतं ते पाहायचं असेल तर एग बेटाकडे पाहावं. पश्चिम किनाऱ्यावरचं हे छोटं बेट पिढ्यानपिढ्या कोणा ना कोणा जमीनदाराच्या मालकीचं होतं. घर दुरुस्त करायचं तरी त्याच्या मर्जीने. 1997 मध्ये रहिवाशांनी हजारो देणगीदारांच्या मदतीने सुमारे 15 लाख पौंड उभे करून ते बेटच विकत घेतलं. मालकी एका विश्वस्त संस्थेकडे गेली, तिच्यात रहिवासी, स्थानिक प्रशासन आणि वन्यजीव संस्था आहेत. 2008 मध्ये वारा, पाणी आणि ऊन यांवर चालणारी बेटाची स्वतःची वीजयंत्रणा सुरू झाली. बेट विकत घेतलं तेव्हा साठ-पासष्टवर आलेली लोकसंख्या आता शंभराच्या वर आहे. पर्यटक बोटीने येतात, गाडी आणता येत नाही, धक्क्यावरचं दुकान आणि चहाची जागा ज्या इमारतीत आहे ती बेटाच्याच मालकीची आहे. तिथे मला पाहुणी म्हणून वावरताना बरं वाटतं, कारण यजमान कोण आहे ते स्पष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, हे पौंडवाल्यांचे लाड. म्हणून मी वेळासचं नाव घेते. मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण गावकऱ्यांना सोबत घेऊन सुरू केलं. त्याआधी घरटी उकरून अंडी नेली जायची. 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला. अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात, साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडतात. पाहायला येणारे लोक गावातल्या घरांत राहतात, तिथेच जेवतात. त्या घरांना कासव जिवंत राहण्यात रस आहे, आणि हा रस कुठल्याही सूचनाफलकापेक्षा जास्त कामाचा आहे. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. पाहुणा चिडतो. तेव्हा त्याला समजावण्याचं काम कोणी अधिकारी करत नाही, घरातली वहिनी करते. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनातून होडी फिरवतात. तिथेही हेच.

साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार या दोन टोकांच्या मधे आहे: नियम वरून आले, पण फाटकावर गावची माणसं आहेत. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं आणि गर्दी उसळली. मग शुल्क आलं, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला 3000 लोकांची मर्यादा आली, आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीतली माणसं फाटकावर आणि फुलांच्या वाटेवर उभी राहिली. "फुलं बघायला पैसे कशाला?" हा वाद तेव्हा झाला, अजून होतो. माझ्या मते पैसे जरूर घ्यावेत, पण किती जमले आणि कुठे खर्च झाले याचा फलक त्याच फाटकावर लावावा.

आता आपल्याबद्दल, म्हणजे परदेशस्थ मराठी माणसांबद्दल. सुट्टीत आपल्याला कोकण हवं असतं, आणि बऱ्याच जणांना तिथे एक बंगला हवा असतो. शेतजमीन घ्यायला अनिवासी भारतीयांना कायद्याने मनाई आहे, म्हणून एनए, म्हणजे बिनशेती प्लॉट, नाहीतर आई-वडिलांच्या नावावर खरेदी. वर्षातले दोन-तीन आठवडे आपण येणार, बाकीचे दिवस तो बंगला कुठल्या तरी ॲपवर. गावाच्या वाट्याला काय? एक राखणदार, एक साफसफाईची बाई, एप्रिल-मेमध्ये आटणारी विहीर आणि वाढलेले जमिनीचे भाव. गावातल्या धाकट्या भावाला वाटणीनंतर घर बांधायला जागा परवडत नाही. स्काय बेटावर नेमकं हेच झालं आहे: हॉटेलांना माणसं हवीत, पण माणसांना राहायला घरं नाहीत, कारण घरांचे सुट्टीचे बंगले झाले. इथे बसून हा परिणाम रोज दिसत असताना तोच प्रकार आपण गुहागर-दापोलीत का उभा करावा? ज्यांना कोकण आवडतं त्यांनी तिथे घर घेऊ नये, तिथल्या घरात उतरावं. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून नातेवाइकांशी माझे वाद होतात.

आपल्या प्रवासातला सर्वात मोठा धूर विमानाचा असतो, हेही खरं. त्यावर मला एवढाच मार्ग दिसतो की कमी वेळा यावं आणि आलं की जास्त राहावं. आपल्याला शनिवार-रविवारची सक्ती नसते. मंगळवारी वेळासला गेलात तर गर्दीत भर पडणार नाही, आणि जी घरं मधल्या वारी रिकामी असतात त्यांना पाहुणा मिळेल.

काजव्यांचा प्रश्न मात्र यापेक्षा कठीण आहे. काजव्याचं चमकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. त्यात गाड्यांचे दिवे पडले की हाक पोचत नाही. बऱ्याच जातींच्या माद्यांना धड उडता येत नाही, त्या जमिनीवर किंवा खालच्या झुडपांत असतात आणि पायाखाली येतात. म्हणजे इथे नुसता पैसा गावात राहून भागणार नाही, माणसांची संख्याच कमी हवी. ती कोणी ठरवायची? भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात आहे त्याचा बराच भाग अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो, तिथे पेसा, म्हणजे ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, लागू आहे. 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये तो मिळाला आणि 2011 पासून ती ग्रामसभा आपला बांबू आपणच विकू लागली. बांबूचा हिशेब ग्रामसभा ठेवू शकते, तर जंगलात आज किती गाड्या सोडायच्या हेही ठरवू शकते. अकोल्यातल्याच पुरुषवाडीसारख्या गावांनी पाहुणे घरात ठेवण्याचा अनुभव बराच आधी घेतलेला आहे.

आणि यात उशीर होऊ नये, कारण जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. काही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, राजगड-साल्हेरसारखे काही राज्याकडे. कासला जे झालं ते आता राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात आणि पालीत होईल, गर्दी उसळेल. गडांच्या व्यवस्थापनाची चर्चा जिथे जिथे होईल तिथे पायथ्याच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी मत देण्याच्या हक्कासह बसले पाहिजेत, आणि वाहनतळाची पावती ग्रामपंचायतीची असली पाहिजे. परदेशातली मराठी मंडळं गडसंवर्धनासाठी निधी गोळा करतात. या वर्षी त्यांनी निधीबरोबर ही मागणीही लेखी पाठवावी.