साधं पाणी पेशीत शिरतंच

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नळाच्या पाण्याचे रेणू मोठ्या झुबक्यांत असतात, ते पेशीच्या भिंतीतून आत जात नाहीत, म्हणून पेशी सुकून कडक होतात आणि गुडघे धरतात. पाण्याचे रेणू सहा-सहाच्या छोट्या कड्यांत जुळवणाऱ्या मशीनचं 'षटकोनी' पाणी मात्र थेट आत जातं आणि पेशी मऊ करतं, असं त्यात म्हटलंय. ऊसबिलाचे पैसे लोक अशा मशीनमध्ये घालतात, याचा मला राग येतो.

आधी झुबक्यांचं बघू. पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात हे खरं. पण ती पकड सेकंदाच्या साधारण एक लाख कोटीव्या भागात सुटते, नवी जुळते. मशीनने दिलेला आकार ग्लासात पडेपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

दुसरं, आपल्या पेशींना भिंतच नसते. असतं ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं, जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचं पटल. त्यातून थोडं पाणी तसंच झिरपतं आणि बऱ्याच पेशींत त्यासाठी प्रथिनांचे खास मार्गही असतात: ॲक्वापोरिन. पीटर ॲग्री यांच्या गटाने 1992 मध्ये बेडकाच्या अंडपेशींना हे प्रथिन बनवायला लावलं आणि त्या कमी क्षाराच्या द्रावात सोडल्या. त्या फुगून फुटल्या. प्रथिन नसलेल्या जवळपास तशाच राहिल्या. 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ॲग्री यांचा वाटा होता तो याच शोधासाठी. या मार्गातून रेणू एकामागोमाग एक असेच जातात, एका मार्गातून सेकंदाला सुमारे 300 कोटी. झुबका आत जायचा प्रश्नच येत नाही.

घरीही बघता येईल. बटाट्याची एक चकती नळाच्या पाण्यात (बेळगावात ते राकसकोप जलाशयाचं) ठेवा, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. दोनेक तासांनी पहिली ताठ असते, वाकवली की कट्‌कन मोडते. दुसरी लुळी पडलेली असते. नळाचं पाणी पेशीत जात नसेल तर पहिली ताठ कशाने झाली?

आणि जास्त पाणी शिरलं की पेशी मऊ होते, हेही चूक. रक्तातली तांबडी पेशी 7-8 मायक्रोमीटरची. चपटी असल्यामुळेच ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून वाकून जाते. पाणी भरून ती गोल झाली की वाकणं संपतं. पटल तर क्षेत्रफळात जेमतेम 3-4 टक्के ताणलं जातं, पुढे फाटतं. म्हणून तर सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ घालतात, नुसतं पाणी शिरेत सोडत नाहीत.

गुडघेदुखीची कारणं बरीच, सांध्यातल्या गादीची, म्हणजे कूर्चेची, झीज हे त्यातलं नेहमीचं. ते डॉक्टरांना दाखवा.

उन्हात ऊस तोडताना शरीर सुकतं, हे मात्र अगदी खरं. घामाबरोबर मीठही जातं. जुलाब लागून कोणी गळून गेलं तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. आतड्याच्या पेशी साखर आणि मीठ जोडीने आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागून येतं. त्यासाठी लागणारं सगळं स्वयंपाकघरात आहे.