मूत्रपिंड, रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि दुखण्याची गोळी : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप असे : मूत्रपिंडाला इजा होते तेव्हा आतल्या, लघवी तयार करणाऱ्या नळ्यांच्या पेशी मरतात, मग मागच्या लेखात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला एवढं डोक्यावर का घेतलं? दुसरं, हे सगळं उंदरांवरचं. आणि तिसरं, पलूस-तासगाव भागात ऊस तोडणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग, त्याला 'पाणी पी' एवढं सांगितलं तरी पुरे. शेवटी विचारलंत, दुखण्याची गोळी नको तर मग घ्यायचं काय?

नळ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. पण त्या मरतात कशाने? दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून जेमतेम 300 ग्रॅम, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. एवढं असूनही आतल्या गाभ्यात प्राणवायूची कायम टंचाई. बाहेरच्या थरात त्याचा दाब पाऱ्याच्या 50 मिलिमीटरच्या आसपास असतो, तर गाभ्यात 10 ते 20. कालव्याच्या टेलला रान असलेल्या माणसाची अवस्था तुम्हाला मी सांगायला नको. वर आवर्तन सुरू असलं तरी मधे कुठे पाणी अडलं की पहिलं वाळतं ते त्याचं पीक. मीठ परत ओढून घेणारा, नळीतला सगळ्यांत कष्टाचा भाग नेमका या टेललाच आहे.

तिथवर रक्त पोचतं की नाही, हे ठरवण्यात अस्तराचा मोठा हात असतो. जाडी फक्त एका पेशीची. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं, की सशाच्या महाधमनीची पट्टी असिटिलकोलीन (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) टाकल्यावर सैल पडते, पण आतला थर घासून काढला की तीच पट्टी सैल पडत नाही. अस्तराचा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं, आणि या कामासाठी 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. दुसरा निरोप प्रोस्टासायक्लिनचा. दोन्ही वाहिनी सैल ठेवतात आणि रक्तातल्या चपट्या पेशींना (प्लेटलेट) एकमेकींना चिकटू देत नाहीत.

रक्तपुरवठा तुटला की हेच अस्तर सुजतं, त्याच्यावर चिकट प्रथिनं उगवतात, पांढऱ्या पेशी तिथे अडकतात. मोठ्या धमनीतून रक्त पुन्हा सुरू झालं तरी केशवाहिन्या तुंबलेल्याच राहतात, आणि नळ्यांचं मरण लांबत जातं. काही केशवाहिन्या तर कायमच्या जातात, तिथे पुढे व्रण धरतो. नळीची पेशी पुन्हा उगवू शकते हो, पण तिला रक्तच मिळालं नाही तर काय करणार? म्हणून मी अस्तरापासून सुरुवात केली.

उंदरांचं म्हणाल, तर काही भाग खरोखर उंदरांवरचाच आहे. स्फिंगोसिन फॉस्फेट या रक्तातल्या पदार्थाचा निरोप घेणारं अस्तरावरचं प्रथिन काढून टाकलं की मूत्रपिंडाची इजा वाढते, हे उंदरांतच दिसलं. पण माणसातला पुरावा कमी नाही. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून शेजारच्या अस्तराला धडधाकट ठेवतात. कॅन्सरमध्ये हे प्रथिन अडवणारं बेव्हासिझुमॅब दिलं, की काही रुग्णांचा रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या प्रीएक्लॅम्प्सिया या आजारात वारेतून येणारा एक पदार्थ तेच प्रथिन धरून ठेवतो, गाळणीचं अस्तर सुजतं, आणि बहुतेक बायकांत बाळंतपणानंतर ते पूर्ववत होतं. ऊसतोडीच्या माणसाला सगळ्यांत जवळचं उदाहरण म्हणजे घोणस. तिचं विष रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडवतं, शिवाय वाहिन्यांचं अस्तरही फाडतं. चावल्यावर लघवी बंद होते ती त्यातूनच.

आता उपयोगाचं बोलू. माझं मेडिकलचं दुकान आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात तोडणीवरून सरळ काउंटरला आलेला माणूस मला रोज दिसतो. शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे वळ, ओठ सुकलेले. "कंबर धरलीय, जरा पॉवरची गोळी द्या." पाणी प्यायलास का विचारलं तर, "च्या झालाय दोनदा." लघवी? "सकाळी झाली, लई पिवळी." या घडीला त्याच्या शरीराने रक्तदाब टिकवायला बऱ्याच वाहिन्या आवळून धरलेल्या असतात. मूत्रपिंडाकडे येणारी वाट उघडी ठेवतात ती प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे मघाच्या प्रोस्टासायक्लिनच्या कुळातली रसायनं. काही अस्तरातून येतात, काही आसपासच्या पेशींतून. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या नेमकी तीच बनू देत नाहीत. या जातीच्या गोळ्या असंच काम करतात, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1971 सालीच दाखवलं. भरपूर पाणी प्यायलेल्या तरण्या माणसाला एका गोळीने सहसा काही होत नाही. पण याला होऊ शकतं. त्यात घरी रक्तदाबाची, नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

'पाणी पी' हा सल्ला चांगलाच आहे, सर, पण निम्मा आहे. पाण्याबरोबर ती गोळीही गिळली, तर ती वाट उघडी ठेवणारा राखणदार गेलेलाच असतो. त्याला सांगायचं ते असं : आधी सावलीत बस, पाणी किंवा ओआरएस पी, लघवी फिकट झाल्याशिवाय ही गोळी नाही. जुलाब-उलट्या चालू असतील तर अजिबात नाही. आणि तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं, ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचार.

मग घ्यायचं काय? पॅरासिटामॉल. दिवसाची मर्यादा पाळली तर मूत्रपिंडासाठी ते पुष्कळ सुरक्षित. मात्र दारू रोजची असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. लघवी कमी झाली, पाय सुजले तर दुकानात न येता दवाखान्यात जायचं. पहिल्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नये. इजा झाल्यावर ते चढायला दिवस-दोन दिवस लागतात, तेव्हा डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली तर ती चुकवू नये.