‘स्वप्नं विकता’ म्हणणाऱ्या वाचकास

‘रोखठोक मालवणी’ यांस,

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, त्याच्या जनुकोपचारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “तालुक्याला वेळेवर फॅक्टर मिळत नाही आणि तुम्ही घरबसल्या स्वप्नं विकता. एका बाळासाठी बनवलेलं औषध म्हणजे अमेरिकेचे चोचले. आमच्या पोरांना त्याचा काय उपयोग?” (फॅक्टर म्हणजे या आजारात कमी पडणारं, रक्त गोठवणारं प्रथिन; ते सुईनं द्यावं लागतं.) बाकीच्याकडे येतोच, आधी ते ‘विकता’ बघू.

काय विकलं मी? पानावर एक जाहिरात नाही, वाचायला पैसे नाहीत. लेखात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधली चाचणी सांगितली होती. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूवाटे त्यांत फॅक्टर आठ या प्रथिनाचं जनुक घालायचं आणि त्या त्यालाच परत द्यायच्या. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचारानंतर जेवढा काळ लक्ष ठेवलं, तेवढ्यात कुणालाही रक्तस्राव झाला नाही. माणसं ५ च होती, हे मी लिहिलं होतं. आधी जबर केमो घ्यावी लागते, हेही लिहिलं होतं. विकणारा केमोचं नाव काढेल? डागी आंबा पेटीच्या वरच्या थरात कोण लावतो, सांगा बघू.

आता स्वप्नांचं. माझ्या धाकट्या मामाला हा आजार होता. देवगडात त्याचा गुडघा टम्म फुगला की आजी बंदरावर जाऊन मासळीचा बर्फ मागून आणायची. तेवढ्यानं भागलं नाही तर फोंडाघाट चढून कोल्हापूर, आणि तेव्हा घाटातली एसटी कशी चालायची हे तुम्हाला ठाऊक असेल, खरंच मालवणी असाल तर. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचून गुडघा कायमचा आखडला. बागायतदाराच्या घरातला मुलगा, पण जन्मात कलमावर चढला नाही. पुढे फॅक्टर मिळायला लागला, तरी तो साधारण १२ तासांत शरीरात निम्म्यावर येतो. म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा शीर शोधा. हे मी पुस्तकात वाचण्याआधी मामाच्या दंडावर पाहिलंय. एकदा घेतलेला उपचार वर्षानुवर्षं पुरू शकतो, हे वाचून मी हुरळलो असेन तर हुरळलो. त्यासाठी तुमची परवानगी घ्यायची होती काय?

शीर्षकातलं उद्गारचिन्ह मात्र जास्त झालं, ते मान्य. काढून टाकलंय.

चोचल्यांबद्दल थोडक्यात. फिलाडेल्फियातल्या त्या बाळाच्या शरीरात अमोनिया साचत होता; मेंदूला आणि जिवालाही धोका. २०२५ मध्ये त्याच्या एकट्याच्या जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध सुमारे सहा महिन्यांत बनवून त्याला दिलं. याला चोचले म्हणणाऱ्याशी वाद तरी काय घालायचा! आपल्या पोरांना उपयोग काय, तर वेल्लोर अमेरिकेत नाही.

राहिला फॅक्टरचा तुटवडा. तो वेगळा विषय, माझा लेख त्यावर नव्हता. तुम्हाला एवढी कळकळ असेल तर तुम्हीच लिहा, मी माझ्या पानावर जसाच्या तसा छापतो. फक्त खाली खरं नाव घालायची तयारी ठेवा.