दूध पिऊन फवारणीचं विष उतरत नाही

‘शेतकऱ्याला शेती शिकवणारे तुम्ही कोण?’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या धाकट्या काकांनी टाकला, खाली ‘शंभर टक्के खरं’ असं लिहून. काकांची पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. गावात शेतीशाळा, म्हणजे उभ्या पिकात उतरून शिकायचा शेतकऱ्यांचा वर्ग, चालू आहे, पण मेसेज वाचल्यापासून त्यांनी तिकडे जाणं सोडलं. नुसता मेसेज असता तर मी सोडून दिला असता. पण घरातला माणूस त्यावर विसंबून पंप पाठीला लावणार असेल तर गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: बापजादे कुठल्या शेतीशाळेत गेले नव्हते, शेतीशाळा म्हणजे फोटो आणि सह्या, फवारणीची दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली की असर तिप्पट होतो आणि मजुरी वाचते, फक्त फवारणीआधी ग्लासभर दूध प्यावं आणि तोंडाला ओला रुमाल बांधावा, माती परीक्षण थोतांड आहे, आणि शिकायचंच असेल तर मोबाईलवर सगळं आहे.

औषधांचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यापायी माणसं मरतात. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बारीक तुषार उडवणारे पॉवर पंप सर्रास वापरात आले होते आणि अनेकांनी औषधं एकमेकांत मिसळून मारली होती. माणूस झाडांच्या मधून चालला की फवारा त्याच्याच अंगावर येत होता. सरकारला चौकशी पथक नेमावं लागलं. नोव्हेंबरमध्ये मोनोक्रोटोफॉस आणि डायफेन्थ्युरॉनसह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात साठ दिवसांची बंदी आली. ज्या जिल्ह्याने हे भोगलं, तिथेच आज ‘औषधं मिसळा’ हा सल्ला फिरतोय. याची चीड येते.

आता दुधाचं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जातात. पोटातलं दूध पाठीवरून, मानेवरून, हातांवरून आत जाणारं औषध कसं अडवणार? ओला रुमाल तर त्याहून वाईट. तुषार त्यात मुरतो आणि औषधाने भिजलेलं तेच फडकं दिवसभर नाकाला चिकटून राहतं. डोळ्यांपुढे अंधारी, लाळ गळणं, दरदरून घाम, मळमळ सुरू झाली की फवारणी तिथेच थांबवून, कपडे काढून, साबणाने अंग धुऊन दवाखाना गाठायचा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यायचं. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाच्या बाधेवर अॅट्रोपिन देतात, डायफेन्थ्युरॉनवर मात्र ठरावीक उतारा नाही. दोन-तीन औषधं मिसळून मारली असतील तर डॉक्टरांनी नेमका कशावर इलाज करायचा?

बाटलीवर चौकटीत एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हे समजायला पाच मिनिटं लागतात. पण ती पाच मिनिटं कुणीतरी बांधावर उभं राहून द्यावी लागतात, कारण लेबलवरची अक्षरं इतकी बारीक असतात की काकांना चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, त्यामुळे हातपंपाचं माप तसंच्या तसं चालत नाही, हेही तिथेच कळतं.

कपाशीची शेतीशाळा नीट चालली तर तिथे काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. पंचवीस-तीस जण शेतात उतरतात. गट पाडून झाडं निवडतात. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून तुडतुडे, फुलकिडे या रस शोषणाऱ्या किडी मोजतात. त्याच पानांवरचे ढालकिडे, क्रायसोपाची अंडी आणि कोळी, म्हणजे या किडींना खाणारे मित्र, वेगळे मोजतात. मग झाडाखाली बसून चार्ट पेपरवर झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रू किडी, दुसऱ्या बाजूला मित्र, आणि ठरवायचं की फवारायचं की नाही. पानामागे दोन-तीन तुडतुडे हा नुकसानीचा उंबरठा. त्याखाली असतील तर पंप घरीच. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तरच पुढचा विचार. सुरुवातीला निंबोळी अर्क पुरतो: पाच किलो निंबोळ्या, शंभर लिटर पाणी. वाचलेली एक फवारणी म्हणजे औषधाचे पैसे, मजुरी आणि एका माणसाच्या अंगावर न पडलेलं विष.

ही पद्धत मुळात इंडोनेशियातल्या भातशेतीतून आली. तिथे कीटकनाशकांनी कोळी आणि इतर मित्रकीटक मारले, त्यामुळे तपकिरी तुडतुडे आटोक्याबाहेर गेले. १९८६ मध्ये सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं बंद केली आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने पहिल्या शेतीशाळा भरल्या.

फोटो आणि सह्यांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, हे मला मान्य करावं लागतं. समाजमंदिरात बॅनर लावायचा, रजिस्टर फिरवायचं, चहा प्यायचा आणि साहेबांनी जीपमध्ये बसायचं, अशा ‘शाळा’ मीही पाहिल्यात. पण त्यावरून शेतीशाळाच फुकट, हा निष्कर्ष निघत नाही. कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये जगभरातल्या शेतीशाळांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. शाळेत बसलेल्यांचं उत्पादन सरासरी १३ टक्क्यांनी आणि निव्वळ उत्पन्न १९ टक्क्यांच्या आसपास वाढलं, कीटकनाशकांचा वापर कमी झाला. त्याच आढाव्यात एक कडू गोष्टही आहे: शाळेत न आलेल्या शेजाऱ्यांपर्यंत हे शिकणं आपोआप पोहोचत नाही. म्हणून ‘रामभाऊ जातात, त्यांच्याकडून कळेल’ यावर विसंबून चालणार नाही. आणि म्हणूनच यंत्रणेवर माझा खरा राग आहे तो वेगळ्या कारणाने: निमंत्रण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जातं आणि पंप पाठीवर घेतो रोजंदारीचा मजूर. २०१७ मध्ये दवाखान्यात गेलेल्यांत असे मजूर कितीतरी होते. त्यांची त्या दिवसाची मजुरी भरून द्या आणि त्यांना बोलवा. निंदणी-वेचणी करणाऱ्या बायकांनाही बोलवा, कारण फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी त्याच उतरतात.

बापजाद्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्याकडे मोनोक्रोटोफॉस नव्हतं आणि बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूसही नव्हता. तो २००२ मध्ये आला आणि आज गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देत नाही. आजोबांना जे माहीत होतं ते त्यांच्या पिकाला पुरत होतं.

माती परीक्षणाबाबत तक्रार आहे, तीही खरी. सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी, म्हणजे मातीच्या तपासणीच्या कार्डासाठी, कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना घेतला जायचा, म्हणून शेजारी-शेजारी सारख्याच पत्रिका आल्या. उपाय सोपा: बांध, झाड आणि शेणखताचा ढीग टाळून, इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घेऊन आपला नमुना आपणच काढायचा आणि प्रयोगशाळेत द्यायचा.

मोबाईलवर चांगले व्हिडिओ आहेत, बघावेत. पण व्हिडिओवाल्याला तुमच्या पानावरचे तुडतुडे दिसत नाहीत, आणि बरेच जण शेवटी स्वतःचंच औषध विकतात. त्यामुळे व्हिडिओत कुणी मिश्रण सांगितलं तर आधी त्या औषधाचं लेबल कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) फोन करा.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान इतकं लिहावं की औषधं मिसळण्याचा आणि दुधाचा सल्ला चुकीचा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पऱ्हाटी छातीपर्यंत येते आणि सर्वांत जास्त फवारण्या तेव्हाच होतात, त्याआधी लिहावं.