शॉकअप कोरडा आहे म्हणून तो जिवंत आहे असं नाही

साताऱ्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय : ‘शॉकअपच्या नावाखाली लूट’. सार असं. बोनेट दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठणठणीत. बाहेर ऑइल गळत नसेल तर ८० हजार किलोमीटरपर्यंत हात लावू नका. एखादा गेलाच तर तेवढा एकच बदला. आणि स्पोर्ट्‌स कारचे शॉकअप मुळातच कडक, ते जातच नाहीत.

मला तो चौघांनी पाठवला, कारण माझ्याकडे २००९ची सेकंडहँड पोर्शे बॉक्सस्टर आहे. (‘साताऱ्यात पोर्शे घेऊन काय, कंदी पेढे आणायला जाणार?’ हे ऐकून झालंय.) गेल्या वर्षी तिचे चारही शॉकअप मी बदलले. तेव्हा गाडी ६१ हजार किलोमीटर चालली होती, गळती नव्हती, आणि बोनेटची परीक्षा ती डिस्टिंक्शनमध्ये पास झाली होती.

या परीक्षेबद्दलच आधी बोलू. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग, शॉकअप नाही. खड्डा लागला की स्प्रिंग नाचत राहते, ते नाचणं शॉकअप आवरतो. नळकांड्यातलं ऑइल बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपांतून ढकललं जातं, नाचण्याची उष्णता होते. म्हणून गाडी एका अंगाला बसली तर आधी स्प्रिंग बघायची. आता बोनेट दाबून आपण तपासतो ती बॉडीची डुलकी, सेकंदाला १-२ हेलकावे. खडबडीत रस्त्यावर चाक थरथरतं ते सेकंदाला १० ते १५ वेळा. हळू हालचालीत ऑइल एका वाटेनं जातं, झपाट्याच्या हालचालीत झडपा उघडतात. हातानं दाबून त्या झडपांपर्यंत आपण पोचतच नाही. त्यात स्प्रिंग कडक, सगळा भार टाकला तरी गाडी जेमतेम इंचभर खाली जाते, आणि तेवढी डुलकी थांबवायला सांध्यांतल्या जुन्या बुशांचं (रबरी कड्यांचं) घर्षणच पुरतं. जी गाडी तीन-चार वेळा डुलते तिचे शॉकअप गेले, हे खरं. न डुलणारीचे चांगले, हे त्यातून निघत नाही. शिवाय पातळ पत्र्याचं बोनेट मधोमध दाबलंत तर शॉकअप राहील बाजूला, आधी डेंटरकडे जावं लागेल.

मला सुगावा लागला तो टायरवरून. रविवारी गाडी धुताना पुढच्या डाव्या टायरवरून तळवा फिरवला, तर पन्हाळी पत्र्यावरून फिरावा तसा हात वर-खाली होत गेला. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत असलं की रबर असं ठिकठिकाणी खाल्लं जातं. बॅलन्सिंग बिघडलं किंवा बेअरिंग गेलं तरी तसं होतं, म्हणून ते दोन्ही आधी तपासून घेतलं. दोन्ही ठीक निघालं.

मग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला गेलो, ओळखीच्या लाटांवर. खड्डा नव्हे, लांबट उंचवटा शॉकअपचं खरं बोलतो. धडधाकट गाडी उतरून एकदा दबते आणि गप्प होते. माझी उतरल्यावर आणखी दोनदा तरंगली. वळणात उंचवटा आला की मागचा भाग वीतभर बाहेर सरकल्यासारखा वाटे. ब्रेक दाबला की नाक नेहमीपेक्षा खाली, आणि उखडलेल्या डांबरावर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) उगाच लवकर खडखडायचं. घरी येऊन लगेच पुढच्या दोन्ही नळकांड्यांना हात लावून पाहिला. उजवं कोमट, डावं जवळपास गार. काम करणारा शॉकअप तापतो, हे वर आलंच आहे.

हे सगळं एका दिवसात होत नाही, खरी गोम तीच आहे. शॉकअप महिन्याला चिमूटभर खराब होतो आणि चालवणारा नकळत वळणाआधी थोडा लवकर ब्रेक दाबायला शिकतो. वर्षभर मी खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं वळण ‘हल्ली जरा विचित्र लागतं’ म्हणत होतो. वळण होतं तसंच होतं.

गळतीचा दावा अर्धा खरा आहे. नळकांड्यात ये-जा करणाऱ्या दांड्याजवळ ऑइलचा पुसट ओलावा असणं चालतं, सील ओलं राहायला तो लागतोच. ओघळ खालपर्यंत आला तर शॉकअप गेला. पण आतल्या चकत्या थकल्या, नळकांड्यातला गॅस निसटला, ऑइलमध्ये हवा मिसळून फेस व्हायला लागला, तर बाहेर थेंबही दिसणार नाही. ८० हजाराचा आकडा सपाट हायवेवर शोभतो. गल्लोगल्ली घरगुती स्पीडब्रेकर असलेल्या आपल्याकडे किलोमीटर मोजून काय कळणार? आणि वर्षानुवर्षं शेडमध्ये उभ्या गाडीचं सील चालवलं नाही म्हणून तरुण राहत नाही.

एकच बदलायचा? मग एका बाजूला नवा आणि समोर दमलेला, अशी जोडी घेऊन ब्रेक दाबून बघा. एका एक्सलवरचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही एकदम बदलायचे.

कडकपणाचं म्हणाल तर लोक स्प्रिंगचा कडकपणा शॉकअपच्या खात्यात टाकतात. शॉकअप मेला तरी गाडी कडक लागतेच, उलट चाक शेवटपर्यंत जाऊन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आदळतं म्हणून जास्तच आदळते.

लूट होते, हे मात्र मान्य. ‘खटखट’ ऐकून शॉकअपचा सेट गळ्यात मारणारे भेटतात. खटखट बहुतेकदा लिंक रॉडची किंवा वरच्या माउंटची (शॉकअप बॉडीला जोडणाऱ्या रबरी बैठकीची) असते, ते आधी हलवून बघायला सांगा. मला अधिक राग आहे तो बसवण्याच्या पद्धतीचा. बाहेरगावच्या एका गॅरेजात माझ्यासमोर एकानं दांडा पकडीत आवळून वरचा नट सोडवला. त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की सील लवकर फाटतं. दांडा ॲलन कीनं धरायचा असतो. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर नीट लावल्याशिवाय तो नट सोडायचाच नाही, दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. बंप स्टॉप, डस्ट बूट आणि माउंट त्याच वेळी नवे घालायचे. माझ्या जुन्या बंप स्टॉपचा हातात भुगा झाला. दोन नळ्यांचा शॉकअप असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढायची. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावरच आवळायचे. लटकत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. शेवटी अलाइनमेंट. बॉक्सस्टरला चारही बाजूंना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असल्यानं स्ट्रट उतरवला की चाकाचा कोन हलतोच.

माझा तो पुढचा डावा अजून शेडमध्ये पडलाय, बाहेरून कोरडा ठाक. दांडा दाबला की पहिले दोन इंच काही लागतच नाही, मग एकदम अडतो. मेसेज पाठवणाऱ्या चौघांपैकी एक जण काल येऊन दाबून गेला. गेल्या गेल्या फोन आला, टायर हातानं नेमका कुठून चाचपायचा ते विचारायला.